घटपर्णी आणि दवबिंदू : किडे खाणाऱ्या झाडांची घरगुती जोपासना

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषि विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषि). श्रोत्यांच्या मागणीवरून पत्रक स्वरूपात.)



आजचा विषय भात, आंबा, काजू यांपैकी नाही. तरीही तो घ्यावा लागला, कारण श्रोत्यांच्या पत्रांत आणि फोनवर तेच तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. पहिला प्रश्न असा : "मुलानं शहरातल्या नर्सरीतून माशा खाणारं झाड आणलं. महिन्याभरात त्याचे पेले वाळले, पानं काळी पडली. आता त्याला कोणतं खत घालू?" दुसरा प्रश्न : "आमच्या सड्यावर पावसाळ्यात चिकट पानांचं लालसर रोपटं उगवतं. ते उपटून कुंडीत लावलं तर जगेल का?" आणि तिसरा, जवळजवळ प्रत्येकाचाच : "या झाडानं घरातले डास जातील का?"

तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो. म्हणजे ज्यांना मध्येच गुरांकडे बघायला उठायचं आहे, त्यांचं अडायला नको. खत अजिबात घालू नका. सड्यावरचं रोपटं उपटू नका, ते जगत नाही. आणि डास जाणार नाहीत.

हे असं का, आणि मग घरी कोणतं झाड आणावं, ते कसं सांभाळावं, हे आता क्रमानं बघू.

किडा हे त्याचं खत

बरेच जण समजतात की हे झाड किडे खाऊनच जगतं. तसं नाही. त्याची पानं हिरवी आहेत. बाकीच्या झाडांसारखंच ते सूर्यप्रकाशावर आपलं अन्न तयार करतं. मग किडे कशाला? तर नत्रासाठी आणि स्फुरदासाठी. किडा हा त्याचा भात नव्हे, किडा हे त्याचं खत आहे.

ही झाडं जिथं मूळची राहतात ती जमीन बघा. कातळावरची इंच-दोन इंच माती, पाणथळ जागा, सतत पाणी झिरपणारे उतार. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात कातळावरच्या मातीतलं नत्र कुठं टिकणार? ते वाहून जातं. अशा जागी इतर झाडं नीट वाढत नाहीत. या झाडांनी मात्र वेगळी सोय केली. नत्र गोळा करायचं मुळाचं काम त्यांनी पानाकडे दिलं. मुळं राहिली तेवढ्यापुरती, झाड धरून ठेवायला आणि पाणी प्यायला. ती बारीक असतात, नाजूक असतात आणि खताची त्यांना सवय नसते.

इंग्लंडमधले शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी या झाडांवर पुष्कळ प्रयोग करून १८७५ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. पानावर नत्रयुक्त पदार्थ ठेवला की दवबिंदूचे केस त्यावर वळतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ साली पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही रोपांना पानांवरून खायला दिलं, काहींना दिलं नाही. खायला दिलेल्या रोपांना बी जास्त आलं. म्हणजे पानावरचा किडा झाडाच्या अंगी लागतो, हे सिद्ध झालं.

आता आपण शेतकरी माणसं. झाड पिवळं दिसलं की आपला हात युरियाच्या गोणीकडे जातो, निदान शेणखताच्या ढिगाकडे तरी. पिकाच्या बाबतीत त्यात काही चूक नाही. पण या झाडाच्या मुळाशी युरिया, डीएपी, शेणखत, गांडूळ खत, जीवामृत यांपैकी काहीही पडलं तर मुळं करपतात. शिवाय नत्र आयतं मिळालं तर झाड सापळेच करीत नाही. उत्तर अमेरिकेतल्या पेल्याच्या एका जातीला मुद्दाम नत्र देऊन पाहिलं, तेव्हा तिनं पेल्यांच्या जागी साधी चपटी पानं काढली. आयतं मिळत असताना कष्ट कोण करतो?

ओळख करून घेऊ

जगात या झाडांचे अनेक प्रकार आहेत. आपल्याला चार माहीत असले तरी पुरे.

दवबिंदू : बोटाएवढं, पुष्कळदा लालसर रोपटं. पानावर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळी दव पडल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. चिलट बसलं की चिकटतं, मग केस हळूहळू त्यावर वाकतात. सह्याद्रीत आणि कोकणात याच्या जाती पावसाळ्यात उगवतात.

सीतेची आसवे : सड्यावर आणि कासच्या पठारावर भाद्रपदात जांभळ्या-निळ्या फुलांचा जो गालिचा दिसतो, त्यात ही असतात. फूल नाजूक, पण सापळा चिखलात लपलेला. तिथं टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की पिशवी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात त्याला पाण्यासकट आत ओढते.

घटपर्णी : हा वेल आहे. पानाच्या टोकातून तणाव्यासारखा दोरा निघतो आणि त्याच्या टोकाला झाकण असलेला घट तयार होतो. घटाच्या कडेला मधासारखा रस असतो. मुंगी येते, ओल्या कडेवरून घसरते आणि आतल्या पाचक रसात पडते. भारतात रानटी घटपर्णीची एकच जात आहे, ती मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया डोंगरांत. गारो लोक तिला 'मेमांग-कोकसी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमारा इथं तिच्यासाठी राखीव अभयारण्य आहे.

व्हीनस फ्लायट्रॅप : पुस्तकात चित्र असतं ते हे. दोन पाळ्यांचं पान फटकन मिटतं. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या दोन राज्यांच्या किनारपट्टीतलं हे झाड. तिथंही ते इतकं चोरीला जायचं की उत्तर कॅरोलायनात २०१४ साली त्याच्या चोरीला गंभीर गुन्हा ठरवावं लागलं.

कोणते झाड आणावे?

पत्रं वाचून असं दिसतं की सगळ्यांचा ओढा व्हीनसकडे आहे. माझा सल्ला : कोकणात व्हीनस घेऊ नका. त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने चांगली थंडी आणि विश्रांती लागते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. झाड वर्षभर दमतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जातं. झाडाचं नुकसान आणि तुमच्या पैशाचंही.

आपल्या दमट हवेत घटपर्णी चांगली होते. पण मेघालयातली रानटी जात नको. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे. विनापरवाना तिची लागवड किंवा व्यापार करता येत नाही. नर्सरीत 'व्हेंट्राटा' नावाचा संकर मिळतो. तो काटक आहे, फार लाड मागत नाही. पहिल्यांदाच आणणाऱ्यानं तोच आणावा.

दवबिंदू हवा असेल तर नर्सरीत बियांपासून वाढवलेलं 'बरमानी' जातीचं रोप मागावं. ते आपल्याच हवेतलं आहे. आयुष्य थोडं, बहुधा वर्षाच्या आत संपतं, पण बी पुष्कळ देतं आणि त्याच कुंडीत पुन्हा उगवतं.

रोप घेताना तीन गोष्टी बघा :

(१) रोप नर्सरीत वाढवलेलं आहे ना, हे विचारा आणि पावती घ्या.
(२) जुन्या पानांचे घट वाळलेले असले तरी चालतील, पण मधला नवा कोंब हिरवा आणि ताजा हवा.
(३) पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पदार्थ दिसला तर ते पिठ्या ढेकूण समजा आणि रोप घेऊ नका.

कुंडी आणि भरण

कुंडी प्लॅस्टिकची घ्यावी, तळाला भोकं असलेली. सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपतो. मातीच्या कुंडीत क्षार साचतात.

शेतातली माती, लाल माती, पोयटा यांतलं काहीही वापरू नये. घटपर्णीसाठी नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे दोन भाग, पर्लाईट एक भाग आणि लाकडी कोळशाचे धुतलेले तुकडे एक भाग, असं मिश्रण करावं. स्फॅग्नम शेवाळ मिळालं तर वरून एक थर द्यावा. पाणी घातलं की लगेच खाली गेलं पाहिजे, पण भरण ओलसर राहिलं पाहिजे.

सोडणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. नारळाच्या सोडणात पालाशाचे आणि मिठाचे क्षार असतात. ताजं सोडण तसंच वापरलं तर खत घातल्यासारखाच परिणाम होतो. म्हणून तुकडे बादलीत भिजवावेत, पाणी रोज बदलावं, आणि असं दहा-पंधरा दिवस करावं. सुरुवातीला विहिरीचं पाणी चालेल, शेवटचं एक-दोन वेळचं पाणी मात्र पावसाचं हवं. सुरुवातीला पाणी चहासारखं तांबडं निघतं. ते स्वच्छ निघू लागलं की काम झालं. विकतच्या कोकोपीटलाही हाच नियम.

दवबिंदूसाठी धुतलेला कोकोपीट आणि धुतलेली गारगोटीची रेती समसमान घ्यावी. समुद्राची रेती नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुना असतो. रेतीची शंका असेल तर चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर ती रेती बांधकामाला द्या, झाडाला नको.

पाणी : इथेच निम्मी झाडे मरतात

खताच्या खालोखाल झाड मारणारी गोष्ट म्हणजे पाणी. पाणी कमी पडून नव्हे, चुकीचं पाणी घालून. देशावर बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी क्षार भरपूर असतात. पाणी हवेत उडून जातं, क्षार कुंडीत राहतात. रोज थोडे, महिन्यात पुष्कळ. भरणावर पांढरा थर दिसू लागला की समजावं, मुळांना त्रास सुरू झाला.

कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी त्या मानानं मऊ असतं. पण अंदाजानं चालू नये. पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणाऱ्याकडे टीडीएस मीटर मिळतो. तो पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. आकडा ५० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. घटपर्णी १०० पर्यंत चालवून घेते. त्यापुढचं पाणी नको. सोडण धुतल्यावरचं शेवटचं पाणीही याच मीटरनं तपासता येतं.

काही भगिनींनी विचारलं आहे की पाणी उकळून गार केलं तर चालेल का? उकळल्यानं जंतू मरतात, पण सगळे क्षार जात नाहीत. पाणी आटतं, तेव्हा उरलेले क्षार उलट दाट होतात. तेव्हा उकळलेलं पाणी माणसांसाठी, झाडासाठी नाही. घरात आरओ यंत्र असेल तर त्याचं पिण्याचं पाणी चालतं. यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीही घालू नये, सगळे क्षार त्यातच असतात.

सगळ्यात उत्तम पाणी आपल्याला आभाळ फुकट देतं. हिशेब करून बघा. एका मोठ्या घटपर्णीला दिवसाला अर्धा लिटर धरला, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना सुमारे १२० लिटर लागतं. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम भरून ठेवला की वर्षाची काळजी मिटली. पाणी साठवताना एवढं पाळावं :

(१) पावसाचे पहिले आठ-दहा दिवस सोडून द्यावेत. तेवढ्यात हवा आणि छप्पर धुऊन निघतं.
(२) सिमेंटच्या पत्र्यावरून किंवा सिमेंटच्या टाकीत पाणी घेऊ नये. अंगणात स्वच्छ प्लॅस्टिक बांधून सरळ पावसाचं पाणी घेणं सर्वात चांगलं.
(३) पिकावरच्या औषधाचा किंवा तणनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये.
(४) ड्रमच्या तोंडावर घट्ट झाकण आणि त्याखाली दाट कापड बांधावं. नाही तर त्याच पाण्यात डासांची पैदास होते.

घटपर्णीच्या कुंडीला वरून पाणी द्यावं आणि जास्तीचं वाहून जाऊ द्यावं. तिच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. दवबिंदूचं उलट आहे. त्याची कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी ठेवावं. मात्र आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून, घासून, नवं पाणी घालावं. घरात कोरडा दिवस पाळता तेव्हाच हेही उरकून घ्यावं.

ऊन, सावली आणि हवेतला ओलावा

घटपर्णीला उजेड भरपूर हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. पूर्वेकडची पडवी, जिथं सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन येतं, ती जागा सगळ्यात चांगली. नाही तर निम्मी सावली देणाऱ्या शेडनेटखाली टांगावी. माजघरात, टीव्हीशेजारी शोभेला ठेवली तर जगेल काही दिवस, पण घट धरणार नाही. दवबिंदूला रोज चार-पाच तास ऊन मिळालं तर त्याचा रंग लाल होतो आणि थेंब भरपूर येतात. सावलीत तो हिरवा, लांबट आणि कोरडा राहतो.

हवा कोरडी झाली की घटपर्णीचे घट टोकापासून वाळतात. देशावर मार्च ते मे हे हमखास होतं. घाबरू नये. पान हिरवं आहे तोवर झाड जिवंत आहे. कुंडीखाली परातीत खडी घालून तिच्यात पाणी ठेवावं, कुंडीचा तळ मात्र पाण्याला लागू देऊ नये. शेजारी ओलं गोणपाट टांगावं. वाळलेले घट कात्रीनं कापून टाकावेत, पण पान हिरवं असेल तर ते ठेवावं.

रोप नर्सरीतून घरी आणताना घटातलं पाणी सांडलं असेल तर घटाचा पाव भाग भरेल इतकं पावसाचं पाणी घालावं. बंद घट कधीही बोटानं उघडू नये. नव्या जागेत पहिला महिनाभर नवे घट येत नाहीत, जुने वाळतात. झाड जागा ओळखत असतं. त्या काळात कुंडी इकडून तिकडे हलवू नये.

खायला काय द्यावे?

बाहेर पडवीत टांगलेल्या झाडाला काही द्यायची गरज नाही. मुंग्या, माश्या, लहान पतंग ते स्वतः धरतं. जाळीच्या खिडकीआड असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एखाद्या घटात एखादी मेलेली मुंगी किंवा लहान नाकतोडा टाकावा. घराच्या औषधानं मेलेला किडा मात्र टाकू नये.

मटणाचा तुकडा, अंडं, दूध, भाताची शितं, हे सगळं मुलं प्रेमानं घालतात. त्यांना समजावून सांगा. ते पचत नाही, घटात कुजतं आणि घटही काळा पडतो. आणि मुलांना एक भीती असते ती घालवा. या झाडात बोट अडकलं तरी काही होत नाही.

आता डासांचा प्रश्न. एखादा डास सापडतो, नाही असं नाही. पण एका घटपर्णीचे आठ-दहा घट आणि घरात रोज जन्मणारे डास, यांचा मेळ बसत नाही. शिवाय जगात डासांच्या काही जाती अशा आहेत की त्यांची पिल्लं घटपर्णीच्या घटातच वाढतात. तेव्हा डासांसाठी पाण्याची भांडी झाकावीत, गटार वाहतं ठेवावं, मच्छरदाणी लावावी. कोणी 'डास खाणारं झाड' म्हणून महाग रोप विकत असेल तर त्याला हात जोडून रामराम म्हणावं. हीच गोष्ट पिकावरच्या किडीची. मावा-तुडतुड्यांचा बंदोबस्त या झाडांकडून होणार नाही.

कीड-रोग

किडे खाणाऱ्या झाडालाही कीड लागते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर ओल्या कापसानं हलकेच पुसून काढावी. कोवळ्या कोंबावर मावा आला तर दवबिंदूची कुंडी पावसाच्या पाण्यात एक दिवस पूर्ण बुडवून ठेवावी. मावा गुदमरतो, रोप वाचतं. साबणाचं पाणी, तेलाचे फवारे सापळ्यांवर मारू नयेत, थेंबांचा चिकटपणा जातो. पावसाळ्यात बुरशी येते. त्यावर उपाय म्हणजे खेळती हवा. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत आणि वाळलेली पानं वेळच्या वेळी काढावीत.

एकाची चार रोपे

घटपर्णीची रोपं फाट्यांपासून होतात. जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. दोन-तीन पेरं असलेला फाटा धारदार, स्वच्छ चाकूनं कापावा. त्यावरची पानं निम्मी कापावीत, म्हणजे पाणी कमी उडेल. ओल्या स्फॅग्नममध्ये किंवा धुतलेल्या सोडणात फाटा खोचावा, वरून पारदर्शक पिशवी घालावी आणि सावलीत ठेवावा. पिशवी दोन दिवसांनी थोडी उघडून हवा द्यावी. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात.

दवबिंदूचं बी धुळीसारखं बारीक असतं. ओल्या भरणावर नुसतं भुरभुरावं. वर माती टाकू नये, त्याला उगवायला उजेड लागतो.

ज्यांच्याकडे आधीच कलमांची नर्सरी आहे, त्यांनी व्हेंट्राटासारखे संकर फाट्यांवर वाढवून बघायला हरकत नाही. आपली हवा त्यांना मानवते आणि सोडण घरचंच असतं. मात्र पहिल्या वर्षी पाच-दहा रोपांवरच अनुभव घ्यावा. गिऱ्हाईकाला रोपाबरोबर पाण्याची आणि खताची सूचना लिहून द्यावी. त्याचं रोप मेलं नाही तरच तो पुन्हा तुमच्याकडे येईल.

सड्यावरची झाडे सड्यावरच

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सड्यावरचा दवबिंदू उपटून आणला तर का जगत नाही? एक, त्याची मुळं केसासारखी असतात, उपटतानाच तुटतात. दोन, आपण त्याला चांगली माती आणि नळाचं पाणी देतो, तेच त्याला मारक. तीन, आपल्या सड्यावर उगवणाऱ्या बहुतेक रोपांचं आयुष्यच एका मोसमाचं. पाऊस ओसरला, कातळ तापला की ती बी टाकून वाळतात. पुढच्या वर्षीचा सगळा मोसम त्या धुळीएवढ्या बियांवर अवलंबून असतो. फुलावर असताना रोप उपटलं तर पुढच्या वर्षीची रोपंही त्याच्याबरोबर गेली.

कासच्या पठाराचं नाव सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. तिथं पहारा आहे, नियम आहेत. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी सडे तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावर आहेत. तिथं पहारेकरी म्हणजे जमिनीचा मालक.

कागदावर या जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. बाग लावू नका असं मी सांगणार नाही. कातळ फोडून, खड्डे भरून आंब्याची कलमं उभी केलेल्या माणसाचे कष्ट मी जाणतो. माझं सांगणं एवढंच, की बागेबरोबर थोडं हेही सांभाळावं :

(१) सड्यावर जिथं पाणी झिरपतं किंवा साचतं, तो तुकडा तसाच सोडावा. तिथं कलम तसंही नीट धरत नाही.
(२) बाहेरून आणलेली माती खड्ड्यातच घालावी, कातळावर पसरू देऊ नये. जाड माती आली की तिथं गवत माजतं आणि बारीक रोपं दबून जातात.
(३) खत आळ्यात, मातीआड आणि पावसाची उघडीप बघून द्यावं. मुसळधार पावसात दिलेलं खत कलमाला मिळत नाही, ते उतारावरून वाहतं. तुमचाही तोटा आणि खालच्या झाडांचाही.
(४) तणनाशक सगळ्या कातळावर मारू नये. आळ्याभोवतीचं तण हातानं किंवा कोयतीनं काढावं.
(५) मुलांना श्रावण-भाद्रपदात सड्यावर अवश्य न्यावं. गुडघे टेकून बघायला सांगावं, उपटायला नाही. भिंग असेल तर न्यावं.

घरच्या कुंडीतल्या झाडाला जे लागू, तेच सड्याला लागू. त्याला आपण काही घालायचं नाही, हीच त्याची जोपासना.

वर्षभराची कामे

जून ते सप्टेंबर : पाणी साठवावे. फाटे लावावेत. घटपर्णी पागोळ्यांच्या धारेखाली ठेवू नये. बुरशीवर लक्ष ठेवावे.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : ऊन अचानक कडक होते, तेव्हा कुंडी सावलीकडे सरकवावी. दवबिंदूचे पिकलेले बी कागदावर झाडून, कागदाच्या पुडीत कोरडे ठेवावे.
डिसेंबर ते फेब्रुवारी : वाढ मंद असते. पाणी थोडे कमी करावे, पण भरण सुकू देऊ नये. उजेड पुरेसा द्यावा.
मार्च ते मे : रोज पाणी बघावे. परात, खडी आणि गोणपाट वापरावे. दर वर्ष-दोन वर्षांनी मेअखेर भरण बदलावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. खत नाही, शेतातली माती नाही.
२. पाणी पावसाचे किंवा आरओचे.
३. उजेड भरपूर, दुपारचे ऊन नाही.
४. मटण, अंडे, दूध, भात नाही.
५. रोप नर्सरीतले, पावती घेऊन. सड्यावरचे कधीही नाही.

श्रोतेहो, आपल्याकडे बहुतेक झाडं दुर्लक्षानं मरतात, ही झाडं मात्र जास्त लाडानं मरतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. आणखी काही शंका असतील तर आपल्या तालुक्याच्या कृषि कार्यालयात विचारा किंवा कार्यक्रमाला पत्र लिहा. पत्रात झाडाची जात, पाणी कोणतं घालता आणि कुंडी कुठं ठेवली आहे, हे तिन्ही अवश्य लिहावं, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

नमस्कार.